कॉम्प्युटर सायन्स फुकटात, स्वतःचं स्वतः: सुरुवात कुठून, पुढे काय

प्रोग्रामिंग शिकायचंय पण क्लासला पैसे घालायचे नाहीयेत, किंवा घालायला नाहीयेतच, तर घरबसल्या होईल का, असं कोणी ना कोणी विचारतच असतं. होतं, अगदी व्यवस्थित होतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००१ साली जाहीर केलं की आमच्या कोर्सेसचं साहित्य आम्ही नेटवर सगळ्यांना फुकट देणार, मग हळूहळू बाकीच्या विद्यापीठांनीही तेच केलं, आणि आता कॉम्प्युटर सायन्सच्या डिग्रीत जे शिकवतात त्यातलं जवळपास सगळं लेक्चर, नोट्स, असाइनमेंट सकट एक पैसा न देता मिळतं. म्हणजे मालाला तोटा नाही. अडचण अशी होते की माल बघूनच माणूस गांगरतो, चार प्लेलिस्ट सेव्ह करतो, तीन कोर्सला नाव नोंदवतो, दोन पीडीएफ उतरवून ठेवतो आणि महिन्याभराने बघावं तर एक ना धड भाराभर चिंध्या.

म्हणून पुढचं सगळं वाचताना एक धरून चला: व्हिडिओ म्हणजे कोर्स नव्हे, त्याच्या खाली असाइनमेंटचा जो गठ्ठा असतो तोच कोर्स. व्हिडिओ बघितला नाही आणि असाइनमेंट केली तर तुम्ही शिकलात, व्हिडिओ बघितला आणि असाइनमेंट सोडली तर तुमची फक्त करमणूक झाली. कुठला कोर्स निवडायचा, कधी सोडायचा, पुढे कधी जायचं, सगळं यावरच ठरवायचं.

सुरू करण्याआधी

मशीन भारी लागत नाही. जुना लॅपटॉप, चार जीबी रॅम, त्यावर ब्राउझर आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालली की पहिलं वर्षभर तरी काही अडत नाही. लॅपटॉप फारच रडत असेल तर ब्राउझरमध्येच कोड लिहून चालवायची सोय बऱ्याच कोर्समध्ये असते. नुसत्या मोबाइलवर शिकायचं म्हणाल तर लेक्चर बघता येतील, छोटा कोड चालवूनही बघता येईल, पण त्या कीबोर्डवर शंभर ओळी लिहायच्या म्हणजे जिवावर येतं, तेव्हा कोणाचा तरी जुना कॉम्प्युटर, लायब्ररीतला, ऑफिसातला, कुठला तरी मिळवा.

गणिताची भीती बऱ्याच जणांना असते. सुरुवातीला शाळेतलं बीजगणित येत असलं तरी पुरतं, तेही थोडंच. पुढे डिस्क्रीट मॅथ्स, म्हणजे प्रूफ, ग्राफ, मोजणी असलं गणित, लागतं, पण ते पुढे, आणि तेव्हा ते कशाला लागतंय हे कळलेलं असतं त्यामुळे तेवढं बोचत नाही. इंग्रजीचं म्हणाल तर ते मात्र लागतंच, त्यात काही लपवाछपवी नको. पण साहित्यिक इंग्रजी नाही लागत, तेच तेच दोन-तीनशे शब्द फिरून फिरून येतात. सबटायटल लावा, स्पीड कमी करा, लेक्चरसोबत लिखित नोट्स असतील तर आधी त्या वाचा. आणि विषय समजावून घ्यायला मराठीत किंवा हिंदीत व्हिडिओ बघितला तर काही कमीपणा नाही, फक्त असाइनमेंट मूळ कोर्सचीच करा.

अजून एक, प्रोग्रामिंग आणि कॉम्प्युटर सायन्स हे दोन्ही एक नाहीत. प्रोग्रामिंग म्हणजे कोड लिहून काम करून घेणं. कॉम्प्युटर सायन्स म्हणजे तो कोड कुठे, कसा चालतो, हळू का चालतो, कुठला प्रश्न मुळात सोडवताच येत नाही, हे सगळं. क्रम मात्र पक्का आहे, आधी प्रोग्रामिंग. ज्याला लूप, म्हणजे तेच काम परत परत करून घेणारा कोड, लिहिता येत नाही त्याला अल्गोरिदमचं, म्हणजे प्रश्न सोडवायच्या पायऱ्यांचं, लेक्चर डोक्यावरून जाणारच.

पहिली पायरी: एक भाषा, एक कोर्स

कुठली भाषा यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत, तुम्ही त्यात पडू नका. वेबसाइटच बनवायच्यात हे पक्कं असेल तर जावास्क्रिप्ट, नाहीतर पायथन. झालं. पहिल्या भाषेत जे शिकता, म्हणजे व्हेरिएबल, इफ-एल्स, लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी, फाइल वाचणं-लिहिणं, ते दुसऱ्या कुठल्याही भाषेत नव्वद टक्के तसंच असतं, दुसरी भाषा काही आठवड्यांत जमते. पहिली मात्र काही महिने खाते.

कोर्ससाठी माझ्या मते खरे दोनच पर्याय आहेत, बाकी सगळे ठीकठाक.

एक, हेलसिंकी विद्यापीठाचा पायथन प्रोग्रामिंगचा ऑनलाइन कोर्स. पूर्ण फुकट. एकूण चौदा भाग, पहिले सात बेसिक, पुढचे सात ॲडव्हान्स्ड. यात व्हिडिओवर भर नाहीये, मजकूर वाचायचा आणि लगेच खालचे एक्सरसाइज करायचे, आणि ते एक्सरसाइज मशीनच तपासून सांगतं की कुठली टेस्ट पास झाली, कुठली आपटली. ज्याने आयुष्यात एकही ओळ कोड लिहिला नाहीये त्याला मी डोळे झाकून हाच सांगेन. कंटाळवाणा वाटू शकतो कारण एक्सरसाइज ढिगाने आहेत, पण तीच तर गंमत आहे, हात बसतो.

दुसरा, हार्वर्डचा सीएस५०. डेव्हिड मॅलन शिकवतात आणि तो माणूस शिकवतो असा की बघतच राहावं, पण आधी म्हटलं तेच, लेक्चर बघून खूश होऊन थांबलात तर हाती धुपाटणं. याची सुरुवात स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडण्यापासून होते, पुढच्याच आठवड्यात थेट सी भाषा, काही आठवडे मेमरी, पॉइंटर (मेमरीतला पत्ता), डेटा स्ट्रक्चर (माहिती ठेवायच्या पद्धती), मग पायथन, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), एचटीएमएल, जावास्क्रिप्ट आणि शेवटी स्वतःचा प्रोजेक्ट. हा कोर्स रुंद आहे आणि अवघड आहे. तिसऱ्या आठवड्यात टाइडमन नावाची मतमोजणीची एक असाइनमेंट आहे, ती पर्यायी आहे, तिच्याऐवजी सोपी घेता येते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने खुशाल सोपी घ्यावी. टाइडमनवर दोन आठवडे घालवून कोर्सच सोडून देण्यात काही शौर्य नाही.

सर्टिफिकेटचं सांगून टाकतो म्हणजे तो किडा डोक्यातून जाईल. सीएस५०चं स्वतःचं सर्टिफिकेट सगळ्या असाइनमेंट पूर्ण केल्या की फुकट मिळतं, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचं व्हेरिफाइड सर्टिफिकेट हवं असेल तर पैसे पडतात. कोर्सेरा या तशाच साइटवर तर बऱ्याच कोर्समध्ये सर्टिफिकेटला पैसे असतात, काहींत आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. पहिल्या वर्षी या सगळ्याच्या मागे लागायचं काहीच कारण नाही. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, तुम्ही टाकलेला चालणारा प्रोग्राम जास्त बोलतो.

आणि हो, कुठलंही फुकटचं साहित्य उघडलं की आधी त्याचं वय बघा. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी त्यातले ट्युटोरियल अजून सर्चमध्ये वर येतात. प्रिंट लिहून पुढे कंस न टाकता थेट मजकूर दिलेला दिसला की ते पान बंद करा, ते पायथन २ आहे, तुमच्या मशीनवर एरर येणार आणि तुम्हाला वाटणार आपलंच चुकलं.

दुसरी पायरी: अभ्यास करायचा म्हणजे नक्की काय करायचं

इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं, म्हणून जरा सविस्तर.

व्हिडिओ चालू आहे, समोरचा टाइप करतोय, तुम्हीही त्याच्यासोबत टाइप करताय, त्याचं चाललं, तुमचंही चाललं, वाटतं की जमलं बुवा. दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडा आणि तोच प्रोग्राम न बघता लिहा. नाही येत. यालाच लोक ट्युटोरियल हेल म्हणतात, आणि त्यातून बाहेर पडायचा मार्ग त्या कोऱ्या फाइलमधूनच जातो. रोज आदल्या दिवशीची एक गोष्ट न बघता लिहायची. अडलं तर नोट्स उघडा, बघा, बंद करा, परत लिहा. कॉपी-पेस्ट नाही, एकदाही नाही. आणि रन करायच्या आधी स्वतःला विचारा की आउटपुट काय येईल. उत्तर चुकलं की समजा शिकायला काहीतरी सापडलं.

आता एक छोटासा प्रोग्राम घेऊ. माणसाला वय विचारायचं आणि पुढच्या वर्षी तुम्ही इतक्या वर्षांचे असाल असं सांगायचं. इनपुट फंक्शनने वय घेतलं, त्यात एक मिळवला, प्रिंट केलं. चालवला, २५ टाइप केलं, आणि धाडकन लाल अक्षरं. नवीन माणूस लाल अक्षरं बघून घाबरतो आणि विंडो बंद करतो. तसं करू नका. पायथनचा एरर खालून वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, इथे टाइपएरर, आणि पुढे लिहिलेलं असतं की स्ट्रिंगला (मजकुराला) फक्त स्ट्रिंगच जोडता येते, इंटिजर (पूर्णांक) नाही. त्याच्या वर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत बिघडलं ते असतं. म्हणजे मशीनने सगळं सांगितलेलं आहे: इनपुट फंक्शन काहीही टाइप केलं तरी मजकूरच देतं, तुमचं २५ हे मशीनसाठी दोन आणि पाच ही अक्षरं आहेत, आणि अक्षरांत एक कसा मिळवणार. त्याला इंट या मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनमधून काढलं की काम झालं.

पण खरी मजा पुढे आहे. त्याच प्रोग्राममध्ये इंट न लावता एक मिळवायच्या ऐवजी दोनने गुणून बघा. एरर येत नाही. उत्तर येतं २५२५. कारण पायथनमध्ये मजकुराला दोनने गुणलं की तो मजकूर दोनदा लिहिला जातो. लाल अक्षरं नाहीत, तक्रार नाही, नुसतंच चुकीचं उत्तर. जो एरर ओरडतो तो गरीब, जो गप्प बसून चुकीचं उत्तर देतो तो डेंजर. म्हणून आउटपुट आलं की ते बरोबर आहे का हे बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, आणि व्हेरिएबल नक्की कुठल्या टाइपचा आहे ते टाइप फंक्शनने छापून बघायला लाजू नका. पायथन ट्युटर नावाची एक फुकट साइट आहे, तिच्यात कोड टाकला की एकेक ओळ चालताना मेमरीत काय काय होतंय त्याचं चित्र दिसतं. लिस्ट फंक्शनला दिली की मूळ लिस्ट का बदलते वगैरे प्रश्न तिथे दोन मिनिटांत सुटतात.

जाता जाता, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव चक्क देवनागरीत ठेवता येतं, वय हे नाव मजेत चालतं, आणि इंट फंक्शनला देवनागरी अंकांतलं २५ मजकूर म्हणून दिलं तरी ते पंचवीसच समजतं. खेळून बघायला छान आहे. पण खऱ्या प्रोजेक्टमध्ये नावं इंग्रजीतच ठेवा, कोड इतरांनाही वाचायचा असतो.

एआय चॅटबॉटचं काय? वापरा, पण एररचा अर्थ विचारायला, एखादी संकल्पना दुसऱ्या शब्दांत समजावून घ्यायला, किंवा माझ्या कोडमध्ये काय खटकतंय हे लिहून झाल्यावर विचारायला. असाइनमेंट त्याच्याकडून लिहून घेतलीत तर तो शिकेल, तुम्ही नाही, आणि तो तर आधीच शिकलेला आहे. सीएस५०ने स्वतःचा एक बदक-चॅटबॉट ठेवलाय, तो मुद्दाम पूर्ण उत्तर देत नाही, नुसती दिशा दाखवतो. बदकच का, तर प्रोग्रामर लोकांत जुनी पद्धत आहे, अडलं की टेबलावरच्या रबरी बदकाला आपला कोड ओळीओळीने मोठ्याने समजावून सांगायचा, निम्म्या वेळा सांगता सांगता स्वतःलाच चूक सापडते. बदक नसेल तर भिंत चालते.

वेळेचं एवढंच, रोज तास-दीड तास हा आठवड्यातून एकदा दिवसभर बसण्यापेक्षा कितीतरी बरा. रविवारी आठ तास बसलात तर पहिले दोन तास मागचं आठवण्यातच जातात. उठताना फाइलमध्ये वर एक कमेंट टाकून ठेवा की आता पुढे काय करायचंय, उद्या सुरू करताना डोकं खाजवावं लागत नाही.

तिसरी पायरी: हत्यारं

टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, एडिटर म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं हत्यार. हे कोणी नीट शिकवत नाही, सगळे धरून चालतात की येतंच. एमआयटीमधल्या काही जणांना हेच खटकलं आणि त्यांनी मिसिंग सेमिस्टर नावाचा छोटा कोर्स काढला, तोही फुकट. शेल (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्राम), गिट, डीबगिंग (चुका शोधणं), एडिटर, सगळं मोजक्या लेक्चरमध्ये. पहिली भाषा थोडी हातात बसली की लगेच बघा, आधी नको, आधी बघितलं तर कशाला लागतं तेच कळत नाही.

एडिटर म्हणून व्हीएस कोड घ्या, फुकट आहे, आणि कुठली थीम छान दिसते यात संध्याकाळ घालवू नका. गिट लिनस टोर्वाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलं आणि आज जवळपास सगळं जग तेच वापरतं. सुरुवातीला इनिट, ॲड, कमिट, लॉग, पुश एवढ्या कमांड पुरतात, ब्रँचिंग पुढे बघू. ज्यांच्या फोल्डरमध्ये फायनल, फायनल२, फायनल_खरंच_फायनल अशा फाइली आहेत त्यांना गिट कशासाठी आहे हे वेगळं सांगायला नको. कमिटचा मेसेज मात्र माणसासारखा लिहा, नुसतं फिक्स लिहिलंत तर सहा महिन्यांनी काय फिक्स केलं होतं ते देव जाणे.

चौथी पायरी: स्वतःचं काहीतरी

पहिला कोर्स निम्मा-अर्धा झाला की स्वतःचा प्रोग्राम सुरू करा, कोर्स संपायची वाट बघू नका. इथे लोक दोनपैकी एका टोकाला जातात, एक तर परत कॅल्क्युलेटरच बनवतात नाहीतर थेट पुढचं इन्स्टाग्राम. त्याच्या मधलं काहीतरी शोधा, आणि सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे तुम्ही कॉम्प्युटरवर हाताने परत परत काय करता ते बघा. फोल्डरमधल्या शेकडो फोटोंची नावं तारखेप्रमाणे बदलणं, दहा एक्सेल फाइली एकत्र करणं, खर्चाची यादी वाचून महिन्यावार बेरीज करणं. असले प्रोग्राम शंभर-दीडशे ओळींत होतात आणि त्यात खऱ्या जगाचा कचरा आपोआप येतो: एखाद्या फोटोत तारीखच नसते, एका फाइलमध्ये कॉलमचं नाव वेगळं असतं, कोणीतरी रकमेच्या जागी एक डॅश टाकलेला असतो. कोर्समधल्या असाइनमेंटचा डेटा धुऊन पुसून दिलेला असतो, इथे तो आपण पुसायचा.

फाइली हलवणारा किंवा नावं बदलणारा प्रोग्राम लिहिलात तर आधी कॉपीवर चालवा, आणि पहिल्यांदा नाव खरं बदलू नका, नुसतं छापून बघा की जुनं नाव हे, नवं नाव हे. यादी बरोबर दिसली की मगच.

पाचवी पायरी: डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम

इथून खरं कॉम्प्युटर सायन्स सुरू होतं. लेक्चर बघायच्या आधी एक प्रयोग करा म्हणजे हा विषय कशासाठी आहे ते हाडात मुरेल. एक लाख वेगवेगळे शब्द एका पायथन लिस्टमध्ये भरा. मग त्याच एक लाख शब्दांतला एकेक घेऊन विचारा की हा लिस्टमध्ये आहे का. चालवा आणि बसा. काही मिनिटं जातील. आता फक्त एक बदल, लिस्टच्या जागी सेट वापरा. एंटर दाबून बोट उचलेपर्यंत उत्तर.

का? लिस्टमध्ये शोधताना पायथन पहिल्यापासून एकेक शब्द बघत जातं, सरासरी पन्नास हजार शब्द बघावे लागतात, आणि असं एक लाख वेळा, म्हणजे सुमारे पाचशे कोटी तुलना. सेटमध्ये प्रत्येक शब्दाचा एक आकडा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात, आणि त्या आकड्यावरून शब्द कुठल्या कप्प्यात असेल ते थेट कळतं, कितीही शब्द असोत. मशीन तेच, भाषा तीच, फक्त माहिती ठेवायची पद्धत बदलली. बिग-ओ नावाचं जे प्रकरण पुढे येतं ते हाच फरक मोजायची भाषा आहे. क्रमाने लावलेल्या दहा लाख गोष्टींत बायनरी सर्चने शोधायला जास्तीत जास्त वीस तुलना लागतात, कारण दर वेळी निम्मं फेकून देतो. हे वीस तुम्ही कागदावर काढून बघा, दहा लाखाला दोनने भागत जा.

सीएस५० करणाऱ्यांना हेच स्पेलर नावाच्या असाइनमेंटमध्ये सी भाषेत करावं लागतं. १,४३,०९१ शब्दांची यादी मेमरीत भरायची, स्वतःचा हॅश टेबल लिहायचा, आणि मग लांबलचक मजकुरातलं स्पेलिंग तपासायचं. सुरुवातीला पहिल्या अक्षरावरून सव्वीस कप्पे करतो आपण, आणि प्रत्येक कप्प्यात सरासरी साडेपाच हजार शब्दांची लांबच लांब रांग तयार होते. एस अक्षराच्या कप्प्यात तर ही गर्दी, आणि एक्सचा कप्पा जवळजवळ रिकामा. मग तुम्ही कप्पे वाढवता, हॅशचं गणित बदलता, आणि दर बदलाला वेळ कमी होताना दिसतो. पूर्ण कोर्समधली एकच असाइनमेंट करा म्हटलं तर मी हीच सांगेन.

पद्धतशीर शिकायला प्रिन्स्टनचा अल्गोरिदमचा कोर्स आहे, सेजविक आणि वेन यांचा, कोर्सेरावर, त्यात भाषा जावा आहे. एमआयटीच्या अल्गोरिदमच्या लेक्चर त्यांच्या ओपनकोर्सवेअरवर आहेत, त्या जरा गणिती आहेत. लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, हॅश टेबल, बायनरी सर्च ट्री हे प्रत्येक एकदा तरी स्वतःच्या हाताने लिहा, मग आयुष्यभर लायब्ररीतलं, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेलं तयार, वापरा. लीटकोड या इंटरव्ह्यूच्या कोड्यांच्या साइटवर उड्या मारायची घाई नको. उत्तरं पाठ करून इंटरव्ह्यूचं कोडं सुटेलही, पण कोड्याचा वेष जरा बदलला की फजिती. आधी कोर्स, मग सराव.

सहावी पायरी: झाकण उघडून आत

इथे घाई नाही, आणि सगळं क्रमाने केलंच पाहिजे असंही नाही. पण ज्याला खरंच कॉम्प्युटर सायन्स शिकायचंय त्याने या भागात हात घालावाच.

नॅंड टू टेट्रिस करा. नोम निसान आणि शिमॉन शॉकेन या दोघांचा हा कोर्स, बारा प्रोजेक्ट, सॉफ्टवेअर सगळं फुकट. हातात फक्त नॅंड नावाचं एक लॉजिक गेट, म्हणजे शून्य-एक घेऊन शून्य किंवा एक देणारं छोटं सर्किट, देतात. त्यातून तुम्ही बाकीची गेट बनवता, मग बेरीज करणारं सर्किट, मग मेमरी, मग आख्खा सीपीयू, मग असेम्ब्लर, आणि पुढच्या अर्ध्यात व्हर्च्युअल मशीन, कंपायलर, छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. सगळं सिम्युलेटरवर, सोल्डरिंग वगैरे काही नाही. पहिला अर्धा करायला इलेक्ट्रॉनिक्स येत नसलं तरी चालतं. स्वतः बनवलेल्या सीपीयूवर स्वतःचा प्रोग्राम चालताना बघणं म्हणजे काय ते करूनच कळेल.

ऑपरेटिंग सिस्टीमसाठी अर्पाची-ड्युसो दांपत्याचं पुस्तक चॅप्टरवार पीडीएफमध्ये लेखकांनीच फुकट ठेवलंय, व्हर्च्युअलायझेशन, कॉन्करन्सी आणि पर्सिस्टन्स अशा तीन भागांत, आणि वाचायला चक्क मजा येते. डेटाबेससाठी कार्नेगी मेलनच्या डेटाबेस कोर्सच्या लेक्चर यूट्यूबवर आहेत, पण त्याआधी एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस उतरवून आपल्याच खर्चाचा डेटा त्यात टाकून एसक्यूएलशी खेळा. नेटवर्क शिकायचं तर ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्क टॅब बघत कुठलंही पान लोड करा, एका पानासाठी किती रिक्वेस्ट जातात ते बघूनच चाट पडाल, तिथून सुरुवात.

गणितही आता घ्या. एमआयटीचा मॅथेमॅटिक्स फॉर कॉम्प्युटर सायन्स कोर्स आहे, नोट्ससकट. प्रूफ, ग्राफ, मोजणी, प्रोबॅबिलिटी. हा हळू जातो, जाऊ द्या.

कोणाला डिग्रीसारखा पूर्ण नकाशाच हवा असेल तर गिटहबवर ओएसएसयू नावाचा अभ्यासक्रम आहे, फुकट कोर्स क्रमाने लावून दिलेले. आठवड्याला साधारण वीस तास दिले तर दोनेक वर्षांत होईल असं ते स्वतः सांगतात. नोकरी सांभाळून करणाऱ्याने हा आकडा सरळ दुप्पट धरावा. एक धोका आहे, एवढी लांब यादी बघून माणूस यादीच सांभाळत बसतो, स्प्रेडशीट बनवतो, रंग देतो. यादीतला चालू कोर्स तेवढा बघायचा, बाकी झाकून ठेवायचं.

अडलं तर विचारायचं कसं

अर्धा-पाऊण तास स्वतः झगडा, एररची शेवटची ओळ जशीच्या तशी सर्च करा, फक्त त्यातलं आपलं फाइलचं नाव काढून. तरी नाही सुटलं तर विचारा, पण नीट. काय व्हायला हवं होतं, काय झालं, आतापर्यंत काय काय करून बघितलं, हे तीन मुद्दे आणि शक्य तितका छोटा कोड. दोनशे ओळी टाकून चालत नाहीये, प्लीज हेल्प असं लिहिलं तर कोणी वाचत नाही, आणि का वाचावं. कोड मजकूर म्हणून टाका, स्क्रीनचा फोटो काढून नव्हे, फोटोतला कोड कोणाला चालवून बघता येत नाही. गंमत म्हणजे छोटा कोड वेगळा काढताना अर्ध्या वेळा उत्तर तिथेच मिळतं आणि प्रश्न पोस्टच करावा लागत नाही. एक्झरसिझम नावाची साइट आहे, तिथे सराव सोडवला की हवं तर खरा माणूस तुमचा कोड बघून सुचवतो, तेही फुकट. चालणारा कोड आणि चांगला कोड यातला फरक एकट्याने शिकताना कळत नाही, तो तिथे कळतो.

आणि इथवर आलात की दुसऱ्यांचा कोड वाचायला लागा. तुम्ही वापरता त्यातली एखादी छोटी ओपन सोर्स लायब्ररी घ्या, गिटहबवरून क्लोन करा (म्हणजे उतरवून घ्या), रीडमी म्हणजे माहितीच्या फाइलमध्ये सांगितलंय तशी बसवा आणि तिच्या टेस्ट तुमच्या मशीनवर चालतात का बघा. बसवताना रीडमीतली एखादी पायरी जुनी झालेली सापडतेच, कमांड बदललेली असते किंवा एखादं पॅकेज सांगायचं राहिलेलं असतं. ती दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल घ्या अशी विनंती, पाठवा. दोन ओळींची असली तरी चालते. ती मर्ज झाली, म्हणजे स्वीकारली गेली, की त्याच प्रोजेक्टच्या इश्यूंमध्ये, म्हणजे कामांच्या यादीत, नवख्यांसाठीचं गुड फर्स्ट इश्यू लेबल लावलेले शोधा आणि त्यातला एक उचला.